समोरच्या टेबलावरच्या झेनोबियाबाई

झेनोबिया बार्तोशेक या बाईंशी मी अकरा वर्षं भांडलो, आणि अगदी मनापासून भांडलो. सकाळी आठला त्या आल्या की आधी खिडकी उघडायच्या आणि मी उठून बंद करायचो. मग त्या म्हणायच्या, "क्राल साहेब, जर्मनीत हवा महाग झालीय का?" तिथून दिवस सुरू व्हायचा.

आमची कचेरी नायसे नदीच्या पुलाला लागून, जुन्या जकात इमारतीत आहे. अलीकडे आम्ही जर्मन, पलीकडे पोलंड, आणि या एका खोलीत दोन्ही देशांचे पोलीस समोरासमोर टेबलं लावून बसतात. माझ्यासमोर झेनोबियाबाई. त्या पोलंडच्या सीमा दलातल्या. नियम असा, की माझ्या संगणकात फक्त जर्मनीची माहिती आणि त्यांच्या संगणकात फक्त पोलंडची. मी त्यांच्या पडद्यात डोकवायचं नाही, त्यांनी माझ्या. मला काही हवं असलं तर एका कागदावर प्रश्न लिहून, सही करून तो टेबलावरून पुढे सरकवायचा. उत्तर तसंच परत येतं. वाचायला हा पोरखेळ वाटेल, पण आधी हेच पत्र बर्लिनहून वॉर्सोला जायचं आणि उत्तर येईपर्यंत चोराची नातवंडं शाळेत जायला लागायची.

बाई नियमाच्या कडक. एकदा मी नुसतं तोंडी विचारलं, "बाई, तो निळा ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आहे हो?" त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी कागद लिहिला, सही केली, सरकवला. "अरे वा," त्या म्हणाल्या, "साहेब काहीतरी विचारतायत वाटतं." आणि पुढच्या चार मिनिटांत आमच्या शेतकऱ्याचा चोरलेला ट्रॅक्टर पलीकडच्या महामार्गावर अडवलेला होता. त्यांच्या हातातलं अर्धं सँडविचही संपलं नव्हतं. अशा बाईवर रागवायचं तरी कसं?

त्याआधी अठरा वर्षं त्या पुलावरच्या काचेच्या खोलीत बसून पासपोर्टवर शिक्के मारत होत्या. त्या काळात मी त्यांच्यासमोरून शंभरदा तरी गेलो असेन, स्वस्त पेट्रोल भरायला. त्यांना माझा चेहरा आठवत नव्हता, गाडी आठवत होती. "ती घाणेरडी पिवळी? डिकीत तीन कार्टन सिगारेट असायच्या. मला ठाऊक होतं." मी म्हटलं, मग पकडलं का नाही? म्हणाल्या, "तुमच्या बायकोचा चेहरा बघून. बिचारीला आधीच पुरेसं होतं." माझी बायको हे ऐकून आठवडाभर हसत होती आणि पुढच्या नाताळात तिने बाईंसाठी खसखशीचा केक पाठवला.

दोन हजार सातच्या डिसेंबरात तपासणी बंद झाली आणि ती काचेची खोली क्रेनने उचलून नेली. लोकांनी पुलावर फटाके उडवले, बँड लावला. बाई मात्र घरी जाऊन झोपल्या. "अठरा वर्षं मी लोकांना थांबवलं," त्या मला एकदा म्हणाल्या, "आणि मग एका सकाळी कुणालाच थांबवायचं नाही म्हणाले. मला वाटलं, आता माझा उपयोग काय?" तीन महिन्यांनी त्यांना आमच्या खोलीत पाठवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन टेबलांच्या बरोबर मध्ये जिरेनियमची कुंडी ठेवली आणि मला सांगितलं की पाणी एक दिवस जर्मनीने घालायचं, एक दिवस पोलंडने. माझ्या पाळीच्या दिवशी माती कोरडी दिसली की त्या तक्रारीचा कागद लिहून, सही करून सरकवत.

पण सांगायची गोष्ट आहे ती दोन हजार अठराच्या एक नोव्हेंबरची. पलीकडे तो सर्व संतांचा दिवस. सगळा देश आपापल्या मेलेल्यांना भेटायला निघतो. शेवंतीच्या कुंड्या, काचेच्या भांड्यातल्या मेणबत्त्या, स्मशानाकडे जाणाऱ्या जादा बस, आणि जेवढे म्हणून पोलीस आहेत तेवढे रहदारीवर. आमच्या बाजूला, ब्रान्डेनबुर्गमध्ये, साधा कामाचा दिवस. बाई त्या दिवशी नेहमी रजा घेत, पण त्यांच्या सहकाऱ्याला आदल्या दिवशी मुलगी झाली होती म्हणून त्या आल्या होत्या. चारला सुटून आईच्या कबरीवर जायचं म्हणून मेणबत्त्यांची पिशवी त्यांनी खुर्चीला अडकवून ठेवली होती.

बाराला वीस कमी असताना फोन वाजला. अलीकडच्या आमच्याच गावातली इलोना नावाची बाई रडत होती. तिची आई गेनोवेफा पिल्ख, वय ऐंशी, पोलंडची. मुलीने जर्मन माणसाशी लग्न केलेलं, म्हणून दोन वर्षांपूर्वी पुलाच्या अलीकडे मुलीकडे राहायला आली. आता तिला काल काय झालं ते आठवत नाही, मुलीचं नावही कधी कधी आठवत नाही. इलोना रुग्णालयात नर्स, सकाळची अर्धी पाळी करून घरी आली तर दार सताड उघडं. कोट खुंटीवर. आईच्या पायात घरातल्या सपाता. बाहेर तीन अंश आणि झिरझिर पाऊस.

अशा वेळी मी बरा असतो, हे मी स्वतःच सांगतो. फॉर्म भरायला घेतला. ओळखीची ठिकाणं? इलोना म्हणाली, "आज एक तारीख आहे, बाबांच्या कबरीवर गेली असेल. मी तिला संध्याकाळी नेणारच होते. सकाळी मी निघतानाच मागे लागली होती, चल म्हणून." झालं! मला वाटलं, प्रकरण संपलं. नवऱ्याची कबर पलीकडच्या नगरपालिकेच्या स्मशानात, रांग चौदा. कागद लिहिला, सही, सरकवला. बाईंनी वाचला, वायरलेसवरून पलीकडे सांगितलं, आणि मी कॉफी ओतून घेतली. ती कॉफी मला अजून टोचते.

साडेबाराला उत्तर आलं, रांग चौदामध्ये कुणी नाही. मी म्हटलं, पुन्हा बघा, गर्दीत दिसली नसेल. एक वाजता, नाही. दीड वाजता, नाही. नदीकाठ आमच्या लोकांनी पालथा घातला. पुलावरच्या कॅमेऱ्यात सव्वादहाला एक बाई डोक्याला रुमाल बांधून पलीकडे जाताना दिसत होती, बस्स. म्हणजे थंडीत सव्वातीन तास झाले होते आणि साडेचारला काळोख पडणार होता. ऐंशी वर्षांचं अंग, भिजलेल्या सपाता. पलीकडून कागदावर आलेली त्यांच्या गावातल्या नऊ स्मशानांची यादी माझ्यापुढे होती. मी म्हटलं, सगळ्या नऊ ठिकाणी माणसं पाठवू.

"माणसं कुठून आणता?" बाई म्हणाल्या. "सगळी गाड्या वळवतायत. आणि तुम्ही सगळे चुकीच्या माणसाला शोधताय."

"म्हणजे?"

"तुम्ही नवऱ्याची बायको शोधताय. तिच्या डोक्यात आज नवरा आहे का, विचारलंत?"

मला राग आला. मी म्हटलं, "बाई, तिला मुलीचं नाव आठवत नाही आणि मी तिला डोक्यातलं विचारू? आधी सापडू तरी द्या!" त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या फोनवरून इलोनाला फोन लावला. अलीकडच्या माणसाची चौकशी फक्त मी करायची, हे नियमात बसत नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

"इलोना, बाळा, रडू नकोस, ऐक. तुझ्या आईची माणसं पंचेचाळीस साली आली कुठून?... तिकडून पूर्वेकडून, बूग नदीच्या पलीकडून. बरोबर. आई तेव्हा केवढी होती?... सात वर्षांची. बरं. आणि इथे तुमच्या घरातलं पहिलं माणूस वारलं कधी?... छप्पन्नला, आजोबा. मग त्याच्या आधी अकरा वर्षं, आजच्या दिवशी, आई मेणबत्ती लावायला कुठे जायची?"

इलोना म्हणाली, ठाऊक नाही. आई कधी बोलली नाही. म्हणजे एकदा म्हणाली होती काहीतरी, एका पाववाल्याबद्दल.

बाईंनी फोन ठेवला आणि कोट घालायला घेतला. "क्राल, गाडी काढा."

पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी वायरलेसवर जे ऐकून घेतलं त्यावर मी त्यांच्या जागी माईक फोडला असता. पलीकडचा मुलगा म्हणत होता, "जुनं जर्मन स्मशान? तसं काही नाही आमच्याकडे, मॅडम. शाळेच्या मागे? तिथे तर बाग आहे. पोरं स्केटबोर्ड खेळतात." बरोबरच होतं त्याचं. त्र्याहत्तर सालापासून कागदावर ती बाग आहे. माझ्या नऊच्या यादीत ती नव्हती, त्यांच्या यादीत नव्हती, कुणाच्याच नव्हती. त्याने रहदारीतून एक गाडी सोडवायचं कबूल केलं, पण ती पोचायला चाळीस मिनिटं लागणार होती. आम्ही पुलावरून सातव्या मिनिटाला पोचणार होतो. जर्मन पोलिसांची गाडी पलीकडे न्यायची तर शेजारी त्यांचा अधिकारी हवा. शेजारी झेनोबियाबाई होत्या, पट्टा लावून, मांडीवर मेणबत्त्यांची पिशवी घेऊन.

पुलावर गाड्यांची रांग लागली होती. मी दिवा लावला, भोंगा लावला. बाई बोलत होत्या, पण माझ्याशी की स्वतःशी, कुणास ठाऊक.

"पंचेचाळीसला युद्ध संपलं, हा काठ जर्मनीकडून पोलंडकडे आला, तुमची माणसं गेली आणि आमची आली. मालगाडीतून, एक गाय, दोन गाठोडी. घरं मिळाली, ताटं मिळाली, स्मशान मिळालं. आणि एक नोव्हेंबर आला. सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या, आणि लावायच्या कुठे? आमची मेलेली माणसं हजार किलोमीटर मागे, दुसऱ्या देशात राहिलेली. मग आमच्या आयांनी ठरवलं. प्रत्येक पोराने इथलं एक जर्मन माणूस वाटून घ्यायचं. आपण यांची लावली की तिकडे आपल्यांची कुणीतरी लावेल. देव हिशोब करेल तो करेल."

"आणि लावायचं का तिकडे कुणी?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक! कुणी विचारायला गेलं नाही." त्यांनी खिडकी खाली केली. या वेळी मी ती तशीच राहू दिली. "पुढे मी जन्मले तेव्हाही ती रीत चालूच होती. माझ्या वाट्याला दोन जुळ्या बहिणी होत्या. एर्ना आणि हेडविग. दहा वर्षांची होते मी, तेव्हा बुलडोझर आला. दगड नेले, वर गवत पेरलं. त्या दिवशी मी शाळेतून घरी आलेच नाही. आईने मला चोपलं आणि मग मलाच धरून रडत बसली. गाडी डावीकडे घ्या."

शाळेच्या मागे लोखंडी फाटक होतं, आत चिखल, ओली पानं, लिंडेनच्या झाडांच्या दोन रांगा. स्केटबोर्डची पोरंसुद्धा पावसामुळे आली नव्हती. मी धावत सुटलो, बाई माझ्या पुढे. त्यांच्या वयाला आणि वजनाला ते कसं जमलं, मी अजून विचारत नाही. भिंतीपासून तिसऱ्या झाडाखाली आजी बसल्या होत्या. जमिनीवर, पाय पसरून, सपाता चिखलाने भरलेल्या. ओठ निळे. हातात काड्यापेटी. समोर गवतात वितभर मेणबत्ती रोवलेली आणि भोवती भिजलेल्या काड्यांचा सडा. एकही पेटली नव्हती. त्या तरीही घासत होत्या.

जिवंत होत्या. माझा जीव भांड्यात पडला, खरं सांगतो. मी जाकीट काढून त्यांच्या खांद्यावर घातलं, रुग्णवाहिका मागवली, इलोनाला कळवलं, त्यांना उचलायला वाकलो. आजींनी माझ्या हातावर फटका मारला. चांगला सणसणीत.

"नाही येणार म्हणतायत," बाई म्हणाल्या. "आधी मेणबत्ती."

"बाई, त्या गोठतायत!"

"मला दिसतंय. आज लावली नाही तर तिकडे बूगपलीकडे राहिलेल्या त्यांच्या आजोबांची लागणार नाही म्हणतायत. तुम्ही समजावून बघा त्यांना, तुमचं पोलिश फार छान आहे."

बाई चिखलात गुडघे टेकून बसल्या, आपल्या पिशवीतली झाकणाची मेणबत्ती काढली, आईसाठी आणलेली, लायटर पेटवला आणि वारा अडवायला मला म्हणाल्या, "उभे राहून काय बघता, आडोसा करा!" मी जर्मन पोलीस, पोलंडच्या बागेत, शर्टावर पावसात दोन्ही हात पसरून उभा राहिलो. ज्योत धरली. बाईंनी झाकण लावलं. आजींनी हुश्श केलं आणि काड्यापेटी नीट खिशात ठेवली.

मग बाईंनी त्यांचे दोन्ही हात आपल्या काखेत धरले आणि विचारलं, "कोण आहे हो इथे?"

आजी बोलल्या आणि बाई मला शब्दन् शब्द सांगत गेल्या. दगडावर पाव कोरलेला होता, वळणावळणाचा, मिठाचा, जर्मन पाववाल्यांच्या पाटीवर असतो तसा. नाव वाचता येत नव्हतं. बाकी पोरींनी सुंदर सुंदर कबरी घेतल्या, फुलांच्या. "मला भूक लागलेली असायची. म्हणून मी पाववाला घेतला." दगड नेला तेव्हा त्यांचं लग्न झालेलं होतं. त्यांनी भिंतीपासून झाडं मोजून ठेवली. पुढे घरातली माणसं वारली, त्यांच्या कबरी झाल्या, तरी दर वर्षी आधी इथे आणि मग तिकडे. नवऱ्यालाही सांगितलं नाही. नवरा म्हणाला असता, जर्मनाला कशाला?

मग आजींची नजर माझ्यावर गेली. शर्टावरच्या जर्मन अक्षरांवर. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि काहीतरी म्हणाल्या. झेनोबियाबाई पहिल्यांदा थांबल्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"त्या म्हणतायत, 'आलास? तू पाववाल्याचा ना?'"

माझे आजोबा गवंडी होते, या गावात कधी आलेही नव्हते. आजी पुढे बोलल्या, रागावून, आणि बाईंनी तेही सांगितलं, एक शब्द गाळला नाही. 'किती उशीर केलास रे! मी केलं इतकी वर्षं. मला आता रस्ते आठवत नाहीत. आता तू करशील का?'

मी बाईंकडे बघितलं. वाटलं, त्या सांगतील, हो म्हणा, म्हातारीचं समाधान करा. किंवा सांगतील, नका खोटं बोलू.

"माझ्याकडे काय बघता?" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज खडखडीत होता. "तुम्हाला विचारतायत."

फाटकापाशी रुग्णवाहिका आली होती. इलोना तिच्या मागून धावत येत होती, पायात रुग्णालयाचे पांढरे बूट. मी आजींसमोर उकिडवा बसलो. माझ्याकडे वीसेक पोलिश शब्द आहेत, त्यातले बरेचसे ट्रॅक्टरचे. त्यातला एक मी बोललो. "ताक." हो.

आजींनी माझा गाल थोपटला, आणि मग त्या उठायला तयार झाल्या.

त्या बऱ्या झाल्या. चार दिवस पलीकडच्या रुग्णालयात होत्या, नंतर इलोनाकडे. आता मला ओळखत नाहीत, त्या दिवसाचंही त्यांना काही आठवत नाही, पण जेवतात, हसतात, जावयाला शिव्या देतात. झेनोबियाबाईंनी फोनवरून केलेल्या चौकशीबद्दल स्वतःविरुद्ध एक कागद लिहिला, सही केली आणि आमच्या दोन्ही वरिष्ठांना दिला. दोघांनी तो वाचला, एकमेकांकडे बघितलं आणि फाईलला लावायचं विसरले. पुढच्याच वसंतात बाई निवृत्त झाल्या. समोर आता एक हुशार तरुण बसतो, खिडकीला हात लावत नाही, आणि मला करमत नाही.

एक नोव्हेंबरला मी आता रजा टाकतो. पलीकडे बाई फाटकापाशी उभ्याच असतात, उशीर झाला म्हणून तणतणत. एर्ना आणि हेडविगसाठी त्यांनी जागा अंदाजानेच ठरवलीय. इलोना आजींना चाकाच्या खुर्चीतून आणते. मी भिंतीपासून झाडं मोजतो. पहिल्या वर्षी आमच्या साहेबांनी रजेचा अर्ज हातात धरून विचारलं होतं, "क्राल, आपल्याकडे तर एक नोव्हेंबरला सुट्टी नसते. पलीकडे तुमचं कुणी आहे का?"

मी म्हटलं, "आहे. आमच्यातला एक पाववाला."